तापीचा जन्मोत्सव आणि कारखान्याचे अंगण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आषाढ शुद्ध सप्तमी हा सूर्यकन्या तापीचा जन्मदिवस. गंगेचे स्नान, नर्मदेचे दर्शन आणि तापीचे नुसते स्मरणही पुण्यप्रद, अशी परंपरेची श्रद्धा आहे. नंदुरबार जिल्ह्यात गोमाई जिथे तापीला मिळते, त्या प्रकाशे क्षेत्राला भाविक दक्षिण काशी मानतात. पण ही तिथी येते पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यात. उन्हाळाभर जमिनीवर जे साचले, ते पाण्याबरोबर नदीत उतरण्याचे दिवसही तेच. तापीमाईची ओटी भरली जात असतानाच तिच्या पदरात आणखी काय पडते, याचा विचार सहसा होत नाही.

कारखान्याचे प्रदूषण म्हटले की नळातून वाहणारे काळे सांडपाणी डोळ्यांसमोर येते. त्यासाठी १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे, शुद्धीकरणाची यंत्रणा आहे. आवारात पडणारे पावसाचे पाणी मात्र आकाशातून आले म्हणून निर्दोष समजले जाते. गणित साधे आहे. एक हेक्टर फरसबंद आवारावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी होते. ते मुरत नाही. यंत्रांचे सांडलेले तेल, उघड्यावरची राख, साखर कारखान्याच्या आवारातील बगॅस आणि प्रेसमड, रसायनांच्या पिंपांखालचा गाळ असे सारे धुऊन ते नाल्याला लागते. त्यातही पहिल्या सरींचे पाणी सर्वांत मलिन असते.

नवापूरचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद तेथे झाली आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये ते संकट पुन्हा आले. दोन्ही वेळी चर्चा रोगाची झाली, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र कोंबडखत ही रोग नसतानाही राहणारी बाब आहे. शेतात ते सोने. उघड्या ढिगावर पाऊस पडला की त्यातील नत्र, स्फुरद आणि जंतू ओढ्यात जातात. नवापूरची रंगावली नदी शांत नाही. ऑगस्ट २०१८ च्या पुरात तिथे माणसे दगावली. या भागाचे पाणी शेवटी तापीत, पुढे उकाईच्या जलाशयात जाते आणि त्याच तापीवर सुरत शहर तहान भागवते. त्याआधी ओढ्याच्या काठी झरा उकरून पाणी भरणारी वनवासी माता असते. तिच्या हंड्यापर्यंत शुद्धीकरण केंद्र पोहोचलेले नाही.

उपाय खर्चिक नाहीत, ही यातली खेदाची बाब. ढिगावर पत्र्याचे छप्पर, खाली पक्का ओटा, भोवती बांध. छताचे स्वच्छ पाणी वेगळ्या पन्हळीने विहिरीकडे वा शोषखड्ड्याकडे न्यावे. मळक्या आवाराचे पाणी त्यात मिसळू नये. पहिल्या सरींसाठी वेगळी टाकी असावी आणि ते पाणी शुद्धीकरणाकडे वळवावे. पुढचे पाणी तेलसापळा आणि गाळाच्या तळ्यातून, वाळ्यासारख्या गवताच्या पट्ट्यातून सोडावे.

शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी जंगल राखून डोंगरउतारावरचे पाणी अडवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोळदे येथे डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेताच्या बांधावर माती-पाणी जपण्याची विद्या या परिसराला नवी नाही. ती औद्योगिक वसाहतीच्या फाटकापाशीच का थांबते, हा प्रश्न उद्योजकांना आदराने, पण स्पष्टपणे विचारला पाहिजे. ‘निसर्गाचे शोषण नव्हे, दोहन’ हे वाक्य व्यासपीठावर फार सोपे असते. त्याची कसोटी गोदामाच्या मागच्या बाजूला लागते. त्या मागच्या बाजूची खरी माहिती कामगाराला असते. कोणते पिंप गळते, कोणता नाला कुठे फुटतो, हे तोच जाणतो. नगरातील स्वयंसेवक, कामगार आणि उद्योजक यांनी वैशाखातच आवाराची एक फेरी एकत्र मारावी, आणि पहिल्या पावसात छत्री घेऊन दुसरी. पाणी कुठून कुठे जाते, ते तेव्हाच दिसते. बाटलीत धरलेला त्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवाल आधी त्या उद्योजकाच्याच हाती ठेवावा. सुधारणा झाली नाही, तर मंडळाच्या कार्यालयाची वाट मोकळी आहेच.