विद्या, घर आणि चार लोकांचे काम
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, मी सातवी पास, मला यातले काय कळणार? पण आमची धाकटी जाऊ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, शिवाय पीएच.डी.चा अभ्यास करते, आणि तिचे दीड वर्षाचे पोर दिवसभर माझ्या कडेवर असते. म्हणजे अर्धा विषय माझ्याच कडेवर आहे!

तिच्याच तोंडून मी डॉ. कमला सोहोनी यांची हकीकत ऐकली. कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबईत बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला. तिथे सर सी. व्ही. रामन प्रमुख होते. एवढा मोठा माणूस, पण मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर पारखून पाहू, या अटीवर त्यांना घेतले. अट त्यांना बोचली, पण त्यांनी ती पाळली आणि वर्षाअखेर रामनांनाच आपले मत बदलावे लागले.

आणि संशोधन कशाचे? दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांचे! आपण रोज रात्री भिजत घालतो तीच कडधान्ये. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी बटाट्यावर काम केले आणि १९३९ साली डॉक्टर होऊन परत आल्या.

१९४७ साली त्यांचे लग्न झाले. कुन्नूरच्या आहार-संशोधन प्रयोगशाळेतली मोठी जागा सोडून त्या मुंबईला आल्या. जागा सोडायची ती बाईनेच, हे काही मला पटत नाही, पण पुष्कळ घरांतून आजही तसेच चालते. १९४९ पासून मुंबईच्या विज्ञानसंस्थेत शिकवणे, संशोधन, आणि घरी संसार. नीरेवर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर अभ्यास केला. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मला सगळ्यांत आवडली ती पुढची गोष्ट. १९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या, अन्नातल्या भेसळीबद्दल तिच्या ‘कीमत’ मासिकात लिहू लागल्या, १९८२-८३ साली अध्यक्षही झाल्या. समाजकार्यासाठी त्यांनी निराळी विद्या शोधली नाही. प्रयोगशाळेतले दूध आणि डाळ, तेच बाजारातले दूध आणि डाळ.

आता आमच्या घरचे सांगते. चुलतसासूबाई आल्या की म्हणतात, “पोराचे हाल करून कसले मेले शिक्षण!” गेल्या महिन्यात तर जाऊच म्हणाली, “वहिनी, सोडून देते सगळे.” पोर निजल्यावर रात्री अकराला ती वह्या काढते. डोळे सुजतात. मी तिला सांगितले, पोर माझ्या कडेवर आहे तोवर तू सोडायचे नाहीस. यात माझे उपकार नाहीत. एका घरात एक बाई शिकली की तिच्या वहीत डोकावायला दुसरीलाही मिळते. मला आज प्रथिन हा शब्द कळतो, तो कोणामुळे?

मात्र कडेवर घ्यायला जावाच कशाला हव्यात? प्रोफेसर पुरुषाला “घर कसे सांभाळता?” असे कोणी विचारीत नाही. मी आमच्या भाऊजींना संध्याकाळी सात ते नऊ पोर घ्यायला लावले आहे. पहिले आठ दिवस दोघेही रडवेले होत. आता भाऊजींना भात मऊ कालवता येतो.

येत्या रविवारी चार वाजता जाऊ इथे दूध तपासून दाखवणार आहे. प्रत्येकीने वाटीभर दूध उकळून, निववून आणावे. त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि निळे झाले, तर पिठाची भेसळ समजावी. वाटीवर आपापले नाव चिकटवा, दूधवाल्याचे नाव मात्र मनात ठेवा. पोर त्या दिवशी भाऊजींकडे राहील. तसे मी कालच कबूल करून घेतले आहे.