काटा खाली येतो तेव्हा

मेळघाटातल्या एखाद्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मूल दाखल होतं, तेव्हा आईची आस एकच असते: लेकराचं वजन वाढावं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी, पावलांवर सूज, भूक मेलेली. आणि चार दिवसांनी काट्यावर वजन आणखी कमी भरतं! आईला गाठोडं बांधून घरी निघावंसं वाटलं, तर नवल नाही.

पण श्रोतेहो, सुजलेल्या मुलाच्या बाबतीत ही बहुधा सुधारणेचीच खूण असते. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं, म्हणून काटा खाली येतो. सूज नसताना वजन घटत राहिलं, तर मात्र जुलाब, संसर्ग, क्षयरोग, की दूधच पुरेसं पोटात जात नाही, याचा छडा लावावा लागतो.

मग उपाशी लेकराला पहिल्याच दिवशी पोटभर का देत नाहीत? दीर्घ उपासमारीत शरीराची सगळी कामं मंदावतात. अशा वेळी एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झपाट्यानं पेशींमध्ये ओढलं जातं, हृदयाची लय बिघडते, मूल दगावूही शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सुरुवात होते ती 'एफ-७५' या पातळ आहारानं. १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी. दूध, साखर, तेल, कधी चुरमुऱ्यांची पूड, असा हा साधा जिन्नस केंद्राच्या स्वयंपाकघरातही बनतो. खूप सूज असलेल्या ७ किलोच्या मुलाला दिवसाला ७०० मिलिलिटर, म्हणजे दर दोन तासांनी जेमतेम ६०.

रात्रीसुद्धा. रात्रीचं दूध चुकलं, तर पहाटेपर्यंत रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते, अंग गार पडतं. रात्रपाळीच्या सिस्टरचं हे काम कुठल्याही औषधाइतकंच मोलाचं आहे.

भूक परतली, सूज ओसरू लागली, की 'एफ-१००' सुरू होतं आणि मात्रा हळूहळू वाढते. लोहाचं औषधही तेव्हाच. आधी दिल्यास संसर्ग बळावू शकतो. आता किलोमागे रोज १० ग्रॅमहून अधिक वाढ चांगली मानतात. सहा किलोचं मूल असेल, तर रोज ६० ग्रॅम.

इथवर पोचायला आईनं टिकायला हवं. घरी दुसरी लेकरं असतात, शेतातली मजुरी बुडते. बुडीत मजुरी वेळेवर हातात पडली पाहिजे, आणि सूज आलेलं मूल दाखल करतानाच तिला तिच्या बोलीत, कोरकू असेल तर कोरकूत, सांगितलं पाहिजे की आधी वजन उतरेल, आणि ते का.