जहाजावरचं नाव
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



वैनगंगेत पोहणं शिकलेला मुलगा समुद्रावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण आयटीआय करून मुंबईला गेलो आणि सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये वेल्डिंग करण्यात गेली. त्यामुळे दोन जहाजांबद्दल बोलतो.

पहिलं 'आयएनएस इंफाळ'. ही विनाशिका म्हणजे शत्रूचं जहाज, पाणबुडी आणि विमान या तिघांशीही लढू शकणारी युद्धनौका. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन, अंगावर ब्राह्मोस क्षेपणास्त्रं. २६ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत ती नौदलात दाखल झाली. ईशान्य भारतातल्या शहराचं नाव मिळालेली ही पहिलीच युद्धनौका. १९४४ साली इंफाळजवळ जपानी सैन्याला अडवताना जे लढले, त्यांची आठवण या नावात आहे. ते हजारो होते. एकेकाचं नाव जहाजावर कसं मावणार? म्हणून शहराचं नाव दिलं.

दुसऱ्या जहाजावर मात्र एकाच माणसाचं नाव होतं. ते लढाऊ जहाज नव्हतं, तेलवाहू होतं. १९८०च्या दशकात शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या पंधरा तेलवाहू जहाजांना परमवीर चक्र विजेत्यांची नावं दिली. त्यातलं एक १९८४ साली आलं, 'लेफ्टनंट रामा राघोबा राणे'. पंचवीस वर्षं ते तेल वाहत राहिलं.

हे राणे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. त्यांची खरी परीक्षा झाली ती एप्रिल १९४८मध्ये, काश्मीरमध्ये. नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे निघाले होते आणि पुढचा रस्ता शत्रूने अडवून ठेवला होता. जागोजागी सुरुंग होते, पाइनची मोठी झाडं आडवी पाडलेली होती. रस्ता मोकळा करायचं काम राण्यांच्या तुकडीकडे होतं. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते, तरी ते मागे फिरले नाहीत.

चालत्या रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत त्यांनी सुरुंगांतून वाट काढली. चार दिवस हेच चाललं. रणगाडे चिंगसपर्यंत पोचले आणि १२ तारखेला राजौरी आपल्या हाती आली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही जिवंतपणी.

मित्रांनो, मला या माणसाचं एवढं कौतुक का वाटतं, सांगतो. त्यांनी बंदुकीने किती शत्रू मारले, याची चर्चा कुणी करत नाही. त्यांनी दुसऱ्यांसाठी रस्ता केला. सुरुंग काढणं हे कारागिराचं काम आहे. हात थरथरला की संपलं. आम्हा वेल्डर लोकांना हे पटकन समजतं. तेल वाहणाऱ्या जहाजाला त्यांचं नाव दिलं, त्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. ते जहाजही त्यांच्यासारखंच राबलं. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव मिळालं.

आणि आपला भंडारा? समुद्र इथून शेकडो कोस दूर. पण जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आपल्याच अंगणात आहे. तोफगोळ्याला लागणारी दारू तिथे बनते. २४ जानेवारी २०२५ला तिथे स्फोट झाला. सकाळी डबा घेऊन कामावर गेलेली माणसं घरी परतली नाहीत. त्यांच्यापैकी कुणाचं नाव जहाजावर लागणार नाही, बेटालाही मिळणार नाही. शत्रू समोर नव्हता, पण सुरुंगाजवळ बसलेल्या राण्यांइतकाच धोका त्यांच्या रोजच्या पाळीत होता.

म्हणून एक विनंती करतो. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून सभागृहात एक संगमरवरी पाटी लावावी. घरच्यांची परवानगी घेऊन तिच्यावर या कामगारांची नावं कोरावीत. दर २४ जानेवारीला मुलांनी ती मोठ्याने वाचावीत. खर्च फार नाही. कमी पडला तर उरलेला माझ्याकडे लागला.