पहिल्या चाचणीची जबाबदारी



चिंतामणीच्या कळंबनगरीत रसायनशास्त्राची परिषद भरते आहे आणि तिचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आज मी एकाच विषयावर बोलणार आहे : अमली पदार्थ जागेवरच ओळखणारे विद्युतरासायनिक संवेदक, आणि त्यांच्या बाबतीत आपले कर्तव्य.

यवतमाळ-वर्धा रस्त्यावर नाकाबंदीत एका तरुणाच्या पिशवीत साठ ग्रॅम पांढरी पूड सापडली, असे समजा. चाचणी-किटमधल्या थेंबाने रंग बदलतो, पंचनामा होतो, मुद्देमाल सील होतो. दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढले जातात आणि अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. रासायनिक विश्लेषकाचा (सी.ए.) रिपोर्ट येईपर्यंत तरुण कोठडीत असतो. पूड मेफेड्रोनची, म्हणजे एमडीची, असेल तर पन्नास ग्रॅमहून जास्त वजन व्यापारी प्रमाण धरले जाते. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३७मुळे मग जामीन अतिशय अवघड होतो; शिवाय दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत मिळते आणि दोष सिद्ध झाल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी ठरलेली. हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले की वजन संपूर्ण मिश्रणाचे धरायचे. पुडीत बहुतांश पॅरासिटामॉल आणि चिमूटभर एमडी असली, तरी वजन साठ ग्रॅमच. त्या चिमटीबद्दलचे आपले उत्तर खरे की खोटे, यावर एका माणसाचे आयुष्य टांगलेले असते.

आजची पहिली चाचणी रंगाची. मार्क्विस द्रावणात हेरॉइन जांभळा रंग देते. एमडीवर मात्र ते जवळजवळ मुकेच राहते. कोकेनसाठीचे कोबाल्ट थायोसायनेट सर्दी-ॲलर्जीवरच्या डायफेनहायड्रामिननेही निळे होते. रंग डोळ्यांनी पाहायचा, तोही अनेकदा रात्री टॉर्चच्या उजेडात, आणि त्याची नोंद उरते ती फक्त पाहणाऱ्याच्या शब्दांत.

संवेदकाची रीत वेगळी. कार्बनच्या शाईने छापलेल्या छोट्या पट्टीवर तीन इलेक्ट्रोड असतात. नमुन्याचा थेंब टाकून विद्युतदाब टप्प्याटप्प्याने बदलला की ठरावीक व्होल्टला रेणू इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो. व्होल्टवरून पदार्थाचा अंदाज येतो, प्रवाहावरून त्याच्या प्रमाणाचा. चेक रसायनशास्त्रज्ञ हेरॉव्स्कींनी १९२२ साली पोलॅरोग्राफीतून ही वाट उघडली आणि १९५९ साली त्यांना नोबेल मिळाले. घरोघरचा ग्लुकोमीटर याच कुळातला. यातून मिळणारा आलेख साठवता येतो आणि न्यायालयात बचाव पक्षही तो तपासू शकतो. माझ्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

पण आलेखही फसवतो. मॉर्फिनमधला फिनॉल गट सहज इलेक्ट्रॉन देतो. हेरॉइनमध्ये तोच गट ॲसिटिलखाली झाकलेला असल्याने संकेत बदलतो. कोकेनमध्ये मिसळलेले लेव्हामिसोल कोकेनचा संकेत झाकते, हे अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले. मँचेस्टरमध्ये २०१४च्या सुमारास मेफेड्रोनच्या कुळातल्या पदार्थांवरचे प्रयोग त्यांतल्या भेसळीसकटच झाले. म्हणून परदेशी बनावटीचे यंत्र आणून भागणार नाही. आपल्या बाजारातल्या भेसळीचे संकेत आपल्यालाच नोंदवावे लागतील.

त्याची सुरुवात याच तालुक्यातल्या महाविद्यालयात होऊ शकते. पॅरासिटामॉल, कॅफीन, लिडोकेन ही भेसळीची द्रव्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली येत नाहीत. वेगवेगळ्या पीएचला त्यांचे आलेख विद्यार्थ्यांनी नोंदवावेत आणि शासकीय प्रयोगशाळेने ते परवानाधारक प्रमाणित नमुन्यांशी ताडून पाहावेत. हे कौशल्य आपल्या शेतकऱ्यांच्याही कामी येईल. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने याच यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशाच पट्टीवर कोलिनएस्टरेज विकर बसवले की ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके ओळखता येतात.

परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. संवेदकाच्या प्रत्येक अभ्यासात चुकीच्या 'होकारां'चे प्रमाण ठळकपणे छापावे, आणि चाचणी करणाऱ्याला नमुन्यात काय आहे ते आधी माहीत नसावे. संवेदकाच्या होकाराला फक्त संशयाचा दर्जा द्यावा. जीसी-एमएससारख्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने पुष्टी झाल्याशिवाय तो पुरावा मानू नये. आणि संवेदक नकार देईल तो नमुना प्रयोगशाळेच्या रांगेत सर्वांत पुढे घ्यावा, कारण त्यामागे कदाचित एक निरपराध माणूस कोठडीत बसलेला असेल.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे म्हटले आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. एवढे तज्ज्ञ येणार कुठून? विद्यार्थी मित्रहो, ते तुमच्यातूनच यायचे आहेत. व्यसनाने पोखरलेल्या घरांना गुन्हेगार पकडले जायला हवेत, आणि चुकून पकडल्या गेलेल्याला लवकर घरी जाता यायला हवे. दोघांनाही अचूक रसायनशास्त्र हवे आहे. ते देण्याचे काम या परिषदेपासून सुरू करू या.