चुन्याची ऊब, नवसागराचा गारवा

श्रोतेहो, भिवंडीच्या नारपोली भागातून रात्री कधी गेलात, तर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तो थांबला की तिथल्या माणसाला झोपेतून जाग येते, असे तिथले लोक गमतीने म्हणतात. सूत, सायझिंग, रंग आणि गोदामे यांवर जगणारी ही वस्ती. तिथे काही काळ मी संध्याकाळचा विज्ञानाचा वर्ग घेत असे. वर्गाला येणारी मुले दिवसा कामावर जाणारी. त्यांतल्या एकाने विचारलेल्या प्रश्नावर आज आपल्याशी बोलणार आहे.

हा मुलगा सूत रंगवण्याच्या एका खात्यात नवीनच लागला होता. एके दिवशी त्याला कॉस्टिक सोडा विरघळवायला सांगितले. त्याने काय केले, तर पिंपात आधी कॉस्टिकच्या पांढऱ्या पापड्या ओतल्या आणि वरून तांब्याभर पाणी टाकले. क्षणात आत खदखदल्यासारखे झाले आणि कढत शिंतोडे त्याच्या हातावर उडाले. शेजारी काम करणाऱ्या वयस्कर मामांनी त्याला ओढून नळाखाली नेले आणि बराच वेळ हातावर पाणी सोडले. मग म्हणाले, "अरे, चुना कसा भिजवतात ते पाहिलं नाहीस का? आधी पाणी, मग चुना. याचंही तेच."

हात बरा झाला. मुलगा वर्गात आला आणि मला म्हणाला, "सर, खाली चूल नाही, गॅस नाही. कॉस्टिक गार होतं, पाणी गार होतं. मग ते तापलं कुठून?"

प्रश्न मोठा मोलाचा आहे. दोन गार वस्तू एकत्र आल्या आणि गरम झाल्या. ही उष्णता बाहेरून आली नाही, ती त्या पदार्थांच्या पोटातच होती. पदार्थाचे कण एकमेकांना धरून असतात. ती धर सोडवायला उष्णता खर्च होते आणि नवी धर जुळली की उष्णता जमा होते. खर्चापेक्षा जमा जास्त झाली, तर उरलेली उष्णता बाहेर पडते. अशा क्रियेला आपण ऊष्मादायी म्हणतो. जमेपेक्षा खर्च जास्त झाला, तर ती तूट आजूबाजूच्या पाण्यातून, भांड्यातून, आपल्या हातातूनही भरून काढली जाते आणि सारे गार पडते. ही क्रिया ऊष्माग्राही. एकूण मामला जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च म्हटला की तो मोजता आला पाहिजे.

मोजायचे कशाने? आपण हात लावून पाहतो. पण हातासारखा लबाड साक्षीदार नाही. तीन भांडी घ्या. एकात गार पाणी, एकात सोसवेल इतके गरम आणि मधल्यात कोमट. एक हात गारात, दुसरा गरमात मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही हात कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणेल पाणी गरम आहे, दुसरा म्हणेल गार आहे. पाणी एकच, साक्षी दोन! म्हणून थर्मामीटर हवा. मात्र ताप पाहण्याचा नको. त्याची मजल पस्तीस ते बेचाळीस अंशांच्या आसपासच. प्रयोगशाळेतला, शंभराच्या पुढे जाणारा साधा थर्मामीटर घ्यावा.

आम्ही वर्गात पहिला प्रयोग नवसागराचा केला. कल्हईवाले आता क्वचितच दिसतात. पण भांड्यावर कल्हई करताना ते जी पांढरी पूड टाकत आणि पांढरा धूर निघे, तीच ही नवसागराची. थर्माकोलचे दोन पेले एकात एक बसवले, म्हणजे बाहेरची उष्णता सहज आत येत नाही. आत १०० ग्रॅम पाणी घातले. पाणी होते २८ अंश सेल्सिअस. त्यात २० ग्रॅम नवसागर घालून लाकडी काडीने ढवळले. थर्मामीटरने ढवळू नये, फुगा फुटतो. पारा उतरू लागला आणि १७ अंशांवर येऊन टेकला. बर्फ नाही, फ्रीज नाही, आणि पेला माठातल्या पाण्यापेक्षा गार! मुलांनी तो आळीपाळीने गालाला लावून पाहिला.

आता एक बारकावा. पारा अकरा अंश उतरला, म्हणजे उष्णता मोजली असे होत नाही. अंश ही उष्णतेची पातळी आहे, उष्णतेचा साठा नव्हे. विहिरीतही हातभर पाणी असते आणि तांब्यातही वीतभर असते. नुसती खोली सांगून पाणी किती ते कळत नाही. म्हणून पाण्याचे वजन आणि अंशांतला फरक या दोहोंचा गुणाकार करावा लागतो. १०० ग्रॅम पाणी अकरा अंशांनी गार झाले, म्हणजे ढोबळ मानाने अकराशे कॅलरी उष्णता गेली. दुप्पट पाणी घेतले असते, तर तेवढ्याच नवसागराने पारा सुमारे निम्माच उतरला असता. उष्णता तेवढीच, अंश वेगळे.

दुसरा प्रयोग कॉस्टिकचा. हा मी स्वतः केला, हातमोजे आणि चष्मा लावून. मुलांनी घरी तो मुळीच करू नये. १०० ग्रॅम पाण्यात फक्त ४ ग्रॅम कॉस्टिक, आणि पारा दहा अंश चढला. दर अर्ध्या मिनिटाला आकडे लिहून घेतले, कारण सर्वांत वर गेलेला आकडाही पुरता खरा नसतो. चढता चढताच थोडी उष्णता निसटत असते. आकड्यांचा आलेख काढला की ती गळती किती झाली ते कळते.

तो मुलगा आकड्यांकडे पाहतच राहिला. चिमूटभर कॉस्टिकने दहा अंश! मग आम्ही हिशेब केला. पिंपात १०० लिटर पाणी आणि त्यात ५० किलोची गोणी एकदम रिकामी केली तर? पाणी उकळीच्या जवळ जाते. आणि गोणीवर तांब्याभर पाणी ओतले तर? एवढी सारी उष्णता झेलायला तांब्याभरच पाणी. ते उसळणार नाही तर काय करणार? मामांचा "आधी पाणी" हा नियम म्हणजे हाच गुणाकार, फक्त कागदावर न मांडलेला.

चुन्याचे उदाहरण तर त्याहून सुंदर आहे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. ही क्रिया उष्णता खाणारी; म्हणून भट्टीला इतके जळण लागते. त्या चुन्यावर पाणी पडले, की तो फुगतो, फुटतो, वाफाळतो. किलोभर चांगला चुना विरताना जी उष्णता टाकतो, तिने तीन लिटरांहून अधिक पाण्याला उकळी येईल. तरी भट्टीने घातलेल्या उष्णतेपैकी हा भाग शंभरातला छत्तीस-सदतीसच. मग बाकीची कुठे गेली? तो चुना भिंतीला लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत पुन्हा दगड बनतो आणि बाकीचे सारे देणे फेडतो. पण महिनोन् महिने फेडतो, म्हणून भिंतीला हात लावून कुणाला ऊब जाणवत नाही. वाट कोणतीही असो, एकूण जमाखर्च सारखाच राहतो, हा नियम रशियात काम करणाऱ्या हेस नावाच्या शास्त्रज्ञाने १८४० साली मांडला. त्याच्या कितीतरी आधी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात, फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी रासायनिक क्रियेची उष्णता बर्फ किती वितळले यावरून मोजली होती.

भिंतीची ही गोष्ट नीट ध्यानात धरावी. उष्णता किती यापेक्षा ती किती वेळात येते आणि तिला बाहेर पडायला वाट आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. इथेच पेला आणि पिंप यांतला फरक येतो. एका पेटीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर आत माल आठपट मावतो. पण बाहेरचा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणजे उष्णता निर्माण होणार आठपट आणि तिला बाहेर जायला दारे चौपट. पेल्यात जी क्रिया नुसती कोमट वाटते, तीच मोठ्या पिंपात उष्णता साठवीत जाते. त्यात भर अशी, की पुष्कळशा क्रियांचा वेग दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. ताप वाढला की वेग वाढतो आणि वेग वाढला की ताप वाढतो.

रंगखात्यात हायड्रोस सर्वांच्या ओळखीचे आहे. या पांढऱ्या पुडीला थोडासा ओलावा लागला तरी ती आतून तापू लागते आणि पेटूही शकते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या लोडी गावी एका कारखान्यात हेच हायड्रोस ॲल्युमिनियमच्या भुकटीबरोबर मिसळत असताना यंत्रात पाणी शिरले. रात्रभर माल आत तापत राहिला. २१ एप्रिल १९९५ रोजी सकाळी तो बाहेर काढत असताना स्फोट झाला आणि पाच कामगार गेले. पुरासारखे पाणी आले नव्हते. थोडे पाणी, मोठा ढीग आणि उष्णतेला वाट नाही, एवढे पुरले.

नारपोली काय किंवा भोवतालच्या गावांतली गोदामे काय, पावसाळ्यात पत्रा गळतो हे कुणाला नवीन नाही. तेव्हा एवढे तरी करावे. अशी पिंपे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, गळतीपासून दूर ठेवावीत. माल काढायचे भांडे कोरडे असावे. आत काय आहे ते पिंपावर मराठी-हिंदीत ठळक लिहावे. कॉस्टिक गार पाण्यात थोडे थोडे घालावे, ढवळत राहावे आणि जवळ थर्मामीटर असू द्यावा. पारा भराभर चढू लागला की हात आखडावा. हायड्रोसचे बंद पिंप आपोआप तापलेले दिसले, गंधकासारखा उग्र वास आला, तर झाकण उघडून पाहू नये, वरून पाणी शिंपडू नये. माणसे बाहेर काढावीत आणि आत कोणता माल आहे ते अग्निशमन दलाला सांगावे.

तो मुलगा पुढे एकदा भेटला, तेव्हा त्याच्या खिशातून पुठ्ठ्याच्या नळीत घातलेला थर्मामीटर डोकावत होता. मी विचारले, "काय रे, हे काय?" म्हणाला, "सर, मामा म्हणतात त्यांना हातानं कळतं. मला अजून कळत नाही, म्हणून हा." मी म्हटले, "मामांनाही दाखवत जा." तो हसला आणि म्हणाला, "दाखवतो ना. आता तेच विचारतात, किती झालं रे?"

श्रोतेहो, आपल्याही कामाच्या जागी कुणीतरी "किती झालं?" असे विचारणारे असू द्या.