आधी ओल, मग रंग

पाडव्याला घर विकायला काढायचं ठरवलेली मंडळी आत्ता थंडीत रंगारी शोधू लागतात. हिशेब चुकीचा नाही. पाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत गिऱ्हाईक फिरतं आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्याला राहायला यायचं असतं. माझं म्हणणं एवढंच, की रंगाऱ्याला अजून बोलावू नका. आधी भिंत बघा. माळे रिकामे करणं, बिजागऱ्यांना तेल घालणं, सोसायटीची बाकी भरणं हे सगळं तुम्ही करालच, त्यावर मी वेळ घालवत नाही.

पाऊस ऑक्टोबरात परततो. डिसेंबर-जानेवारीत देशावरची हवा कोरडी असते, आणि पावसाची ओल कोणती, नळाची कोणती हे याच दिवसांत कळतं. दिवाळीनंतर फिका होत गेलेला डाग बहुधा पावसाचा. जानेवारीतही हाताला गार, ओलसर लागतो तो पावसाचा कसा असेल? कुठेतरी पाइप झिरपतोय, नाहीतर वरच्या न्हाणीघरातल्या फरश्यांचे सांधे गेलेत. डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि पंधरा दिवसांनी बघा, डाग रेघेच्या आत सरलाय की बाहेर गेलाय. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा टिपा. सकाळी तो पुढे सरकलेला दिसला तर प्लंबरला बोलवा, रंगाऱ्याला नव्हे.

आता कुरडई आठवा. वरून कडक झाली, बोटानं वाजवली तर खणखणीत, म्हणून कुणी ती लगेच डब्यात भरते का? आत चिकाचा ओलावा असतो. भरली की बुरशी. म्हणून आपण ती उलटतो, दुसऱ्या बाजूनं ऊन देतो. भिंतीचंही तसंच. वरचा पापुद्रा वाळतो, पोटात ओल राहते, आणि त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावणं म्हणजे ओली कुरडई डब्यात भरून झाकण घट्ट लावणं. शिवाय मीठ जास्त झालेली कुरडई पावसाळ्यात सादळते, ठाऊक आहे ना? भिंतीला लोणा लागतो, ती पांढरी भुकटी, तेही क्षारच. हवेतला ओलावा ते ओढून घेतात. म्हणून लोणा पाण्यानं धुऊ नका. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. कोरड्या ब्रशनं झाडा, भुकटी गोळा करून टाकून द्या. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तो खरवडून काढावाच लागेल, पण पाणी येतं कुठून हे सापडल्यावरच. आधी नाही.

भिंत आतून वाळली का, हे घरच्या घरी बघता येतं. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा डागावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर ती हवेतली. खिडक्या उघड्या ठेवा, भिंतीला टेकवलेलं कपाट पुढे ओढा.

पुन्हा सांगते, कारण हेच कानाआड होतं: रंग शेवटी. नव्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं, मग तीन-चार आठवडे त्याला वाळू द्यायचं, मग पुट्टी. पाडव्यापासून उलटं मोजा म्हणजे जानेवारी का दवडायचा नाही ते कळेल.

काही जण म्हणतात, आपल्याला राहायचंय थोडंच? हे ऐकलं की मला वाईट वाटतं. समोरचं कुटुंब कर्ज काढून घर घेतं, आणि पहिल्याच मृगात त्यांच्या बाळाच्या पाळण्यामागे पोपडे सुटतात. कायद्यातही ते बसत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. रंगाखाली झाकलेली गळती म्हणजे दुसरं काय? उलट दुरुस्ती केली असेल तर बिलं आणि पेन्सिलीच्या रेघेचे फोटो गिऱ्हाइकाला दाखवा.

वरच्या मजल्यावरून पाणी येत असेल तर भांडत बसू नका. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची, न्हाणीघर-संडासाची सभासदानं. सेक्रेटरींना आजच लेखी पत्र द्या. सभा, ठराव, कंत्राटदार यांत दोन महिने सहज जातात.

गच्चीचं तर राहिलंच. पाऊस नसताना तिची गळती कळायला पन्हाळीचं तोंड बोळ्यानं बंद करून दोन-तीन इंच पाणी दोन दिवस साठवायचं आणि खाली छत बघायचं. मात्र इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला विचारा, पाण्याचं वजन... मला थांबायची खूण झाली आहे. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर तो नुसता उपटू नका, मूळ आत राहतं, त्याविषयी पुढच्या भाषणात सांगेन.