थंडीने करपलेली बाग



पौष महिन्यात एखादी रात्र अशी येते, की आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पहाटे घंगाळातल्या पाण्यात हात घालवत नाही. सकाळी परसात पाहावे, तर केळीची पाने उकळते पाणी पडल्यासारखी काळवंडलेली, पपईचा शेंडा लोंबलेला आणि लिंबाची पालवी करपलेली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तसे आमच्या वलवणला वरचेवर होत नाही. पण थंडीचा तडाखा आपल्यालाही चुकत नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता.

हा आकडा जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवरचा असतो. शांत, निरभ्र रात्री गवतालगतची हवा त्याहूनही तीनचार अंश थंड होऊ शकते. मग पानाच्या पेशींभोवतीचे पाणी गोठते, पेशींतला ओलावा ओढला जातो आणि पान मरते. मोठ्या आंब्याखालचे किंवा पडवीलगतचे रोप मात्र पुष्कळदा वाचते. कारण वरच्या आडोशामुळे जमिनीची ऊब आभाळाकडे निघून जात नाही.

पान मेले म्हणजे झाड मेले, असे आपल्याला वाटते. खरी चूक इथेच होते. ती मीही केली आहे. वडिलांच्या हातचे लिंबाचे झाड एका पौषात करपले. मी आठवड्याच्या आत ते बुंध्यापासून तोडले. कुऱ्हाड आत गेली तेव्हा आतले लाकूड ओले आणि सालीखाली हिरवे दिसले. शेजारच्या परसातले तसेच करपलेले लिंबू चैत्रात पुन्हा पालवले. ते पाहून मला काय वाटले असेल, ते सांगायला नको.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की घाई करू नका. करपलेली पाने फांदीवर राहू द्या. थंडीची दुसरी लाट आली, तर तीच आतल्या डोळ्यांना आडोसा देतात. माती कोरडी असेल तर ऊन वर आल्यावर बेताचे पाणी द्या. आळ्यात भाताचा पेंढा पसरा, मात्र तो खोडाला चिकटू देऊ नका. युरिया तर अजिबात नको. त्याने कोवळी फूट येते आणि पुढच्या थंडीत तीच आधी जळते. नवी पाने जून झाली, की मग शेणखत घाला.

टोमॅटो, घेवडा, भोपळ्याचे वेल पिचपिचीत झाले असतील तर ते लगेच काढा, ते सडतात. केळीचे खोड सडले तरी जमिनीतला कंद बहुधा जिवंत असतो, त्यातून मुनवे येतात. पपईचा शेंडा कुजला असेल तर टणक भागापर्यंत कापा आणि पोकळ खोडात पाणी शिरू नये म्हणून वर झाकण बांधा.

आंबा, लिंबू, जास्वंद यांच्यासाठी फाल्गुन-चैत्रापर्यंत थांबा. मग शेंड्याकडून खाली येत नखाने साल जराशी खरवडा. आत तपकिरी व कोरडे दिसले तर फांदी मेलेली. हिरवे, ओलसर दिसले तर जिवंत. हिरव्या भागातल्या डोळ्याच्या जरा वर धारदार कात्रीने कापा. मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावा. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकूण एक लिटर पाण्यात एकत्र केले की मलम तयार होते. लोखंडी भांडे वापरू नका. कलमी आंब्याला फूट सांध्याच्या खालून आली, तर ती रायवळाची समजा. सांध्यावर जिवंत डोळा असेल तर खालची फूट काढून टाका.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या आवारात मुलांनी लावलेली रोपे अशीच करपतात, आणि २६ जानेवारीच्या साफसफाईत वाळकी म्हणून उपटली जातात. यंदा ती उपटू नका. प्रत्येक रोप एकेका मुलाकडे सोपवा आणि दर पंधरवड्याला नखाची परीक्षा घेऊन वहीत टिपून ठेवायला सांगा. काही रोपे मेलेलीच निघतील; तेही मुलांना कळू द्या. पण ज्या मुलाच्या रोपाला चैत्रात लाल कोंब फुटेल, तो पुढे कोणतेही झाड तोडण्यापूर्वी एकदा नख लावून पाहील.